'ऑथेंटिक असंच असतं' हे अर्धंच खरं आहे

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लग्नाच्या वाढदिवसाला सासू-सासऱ्यांना घेऊन तुम्ही पुण्यातल्या एका लाकडाच्या भट्टीवाल्या पिझ्झेरियात गेलात, शनिवारी रात्री साडेनऊला, पाऊण तास बाहेर उभं राहून टेबल मिळालं. मार्गारिता आला तर मधे पाणी, तुकडा उचलला की टोक लोंबतंय आणि चीज घसरून प्लेटमधे, कड वरून काळी आणि आतून चिकट. दुसरा पनीर-कांदा-सिमला मिरची एक्स्ट्रा चीज, तो तर लगदाच. वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, 'मॅडम, ऑथेंटिक नेपोलिटन असंच असतं.' चौघांचं बिल २,८०० रुपये, वर सर्व्हिस चार्ज. सासरे म्हणाले की आमच्याकडे भाकरीसुद्धा अशी कच्ची कोणी पानात वाढत नाही. आणि तुम्ही विचारताय की खरंच असं असतं का, का आम्हाला गंडवलं.

मी गेली सोळा वर्षं भट्टीसमोर उभा आहे. मुंबईत एका हॉटेलच्या किचनमधे सुरुवात केली, मग दोन सीझन गोव्यात, आता बरीच वर्षं पुण्यात. डो, म्हणजे पिझ्झ्याचं भिजवलेलं पीठ, आणि भट्टी एवढंच माझं काम, आणि नवीन पोरांना शिकवणं. तुमचा पिझ्झा मी पाहिलेला नाही पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की किचनमधे काय झालं असेल ते मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

वेटर अर्धं खरं बोलला. नेपोलिटन म्हणजे इटलीतल्या नेपल्स शहराचा, आणि तो पिझ्झा मऊच असतो, कुरकुरीत नसतो. तिथे १९८४ पासून एक संघटना आहे, अस्सल नेपोलिटन पिझ्झा कशाला म्हणायचं त्याचे नियम त्यांनी लिहून ठेवलेत, आणि २०१० पासून युरोपियन युनियनमधे पण त्या पद्धतीला संरक्षण आहे, २०१७ साली तर तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. त्या नियमांमधे मधला भाग जेमतेम पाव सेंटीमीटर जाड, कड एक ते दोन सेंटीमीटर फुगलेली, आणि पिझ्झा मऊ, लवचिक, सहज घडी घालता येईल असा हवा असं स्पष्ट दिलंय. तिथे रस्त्यावर लोक तो चार घड्या घालून हातात धरून खातात, हॉटेलात बसून खाल्ला तर सुरी-काट्याने. भट्टीत तो फक्त ६० ते ९० सेकंद असतो. त्यामुळे टोक लोंबणं हा दोष नाही, मधे थोडा ओलसरपणा हाही दोष नाही, आणि कडेवर काळे ठिपके असणं हे तर चांगलं लक्षण आहे, बिबट्याच्या अंगावर असतात तसे लहान लहान ठिपके हवेत.

पण मऊ म्हणजे कच्चं नव्हे! हा फरक तुम्हाला त्या दिवशी कोणी सांगितला नाही, उलट त्याच्याच आड लपले, याचा मला खरंच राग आला. कारण मी स्वतः एका किचनमधे काम केलंय जिथे आम्हाला हे वाक्य पाठ करून घेतलं होतं. गिऱ्हाईकाने तक्रार केली की आधी ऑथेंटिक म्हणा, मग बघू. मी तिथून आठ महिन्यांत निघालो. गिऱ्हाईकाला आपल्या जिभेवरच शंका घ्यायला लावायची यासारखं वाईट काम आमच्या धंद्यात दुसरं नाही, कारण तो माणूस परत येत नाही ते एक वेळ ठीक, पण तो मनात धरून बसतो की नेपोलिटन पिझ्झा म्हणजे कच्चं पीठ, आणि मग चांगल्या जागी गेला तरी तो मागवत नाही.

तर मऊ आणि कच्चं ओळखायचं कसं. कडेचा एक तुकडा सुरीने कापा आणि आडवा धरून बघा. चांगल्या कडेत लहानमोठी वेडीवाकडी भोकं दिसतात, भिंती पातळ, आणि बोटाने दाबलं तर ती परत वर येते. कच्च्या कडेत आत एक करडट, चकाकणारा, ओला पट्टा दिसतो, भोकं नसतात, दाबलं की दबूनच राहते, चावताना दाताला चिकटते आणि कच्च्या मैद्याचा वास येतो. मग तुकडा उलटा करा. खालून तपकिरी ठिपके हवेत, सगळीकडे सारखे नसले तरी चालतील. खालून पांढराफटक असेल आणि वरून काळा, तर तो भाजला गेलेलाच नाही, वरून नुसता करपलाय. तिसरं म्हणजे मधल्या ओलाव्याचा रंग. तेल, टोमॅटो आणि चीजचा रस मिळून केशरी, थोडा दाटसर रस होतो तो चांगला. पांढरट, पाण्यासारखं पातळ साचलं असेल तर ते चीजचं पाणी आहे, निथळून घेतलेलं नाहीये. तुमच्या वर्णनातल्या खुणा वाईट बाजूच्या आहेत, म्हणून सांगतो की तुमच्या सासऱ्यांचं बरोबर होतं.

आता हे का झालं. तुम्ही शनिवार रात्र साडेनऊ लिहिलंत ना, तिथेच मला निम्मं कळलं.

भट्टीला दोन उष्णता असतात हे आधी समजून घ्या. एक वरच्या घुमटाची, ती ज्वाळेची, आणि एक खालच्या फरशीची. नियमात फरशी ३८० ते ४३० अंश आणि घुमट साधारण ४८५ अंश असा धरलाय. घुमट लाकूड टाकलं की पाच मिनिटात तापतो, पण फरशी तापायला तास-दीड तास लागतात कारण ती जाड दगडाची असते. आणि प्रत्येक पिझ्झा त्या फरशीतली थोडी उष्णता ओढून घेतो, ओला गोळा तिच्यावर पडतो ना थेट. संध्याकाळी सात वाजता टेम्परेचर गन, म्हणजे लांबून उष्णता मोजायचं यंत्र, लावली तर ४२० दाखवणारी फरशी सलग पंचवीस-तीस पिझ्झे मारल्यावर ३३० ला आलेली मी कितीदा बघितलीये. अशा वेळी करायचं एकच, थांबायचं. निखारे फरशीवर पसरायचे, सात-आठ मिनिटं द्यायची, मग निखारे बाजूला ओढून राख झाडून परत सुरू. पण समोर चौदा केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, लटकतायत, मॅनेजर दर मिनिटाला ओरडतोय, बाहेर लोक उभे आहेत, तेव्हा थांबायची हिंमत फार कमी जणांना होते. मग पोरगं काय करतं तर आणखी एक लाकूड टाकतं. ज्वाळा मोठी होते, बघायला छान दिसतं, घुमट अजून तापतो, आणि पिझ्झा वरून चाळीस सेकंदात काळा होतो, खालून मात्र पांढराच. काळा झाला म्हणून तो घाईने बाहेर काढला जातो. तुमचा पिझ्झा हाच. भाकरीचंच बघा, तवा पुरता तापायच्या आत भाकरी टाकली आणि वरच्या बाजूला नुसती ज्वाळा दाखवली तर जे होईल तेच. तवा आधी, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहितीये.

त्यात लाकूड ओलं असेल तर अजून पंचाईत. पुण्यात बहुतेक जण आंब्याचं नाहीतर बाभळीचं लाकूड वापरतात, पावसाळ्यात वखारीतून येतं तेव्हा बाहेरून कोरडं दिसतं पण आत पाणी असतं. त्याची उष्णता पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो, आणि पिझ्झ्याला एक कडवट वास लागतो. आम्ही जूनच्या आधी दोन महिन्यांचं लाकूड भरून ठेवतो आणि रात्री भट्टी निवत असताना दुसऱ्या दिवशीचं लाकूड तिच्या तोंडाशी रचून ठेवतो. आणि हो, लाकडाची भट्टी आहे म्हणजे पिझ्झा चांगला हे डोक्यातून काढून टाका. मुंबईत तर जानेवारी २०२५ मधे हायकोर्टाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यात गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या, त्यामुळे बरेच जण इलेक्ट्रिक आणि गॅसकडे वळतायत. चांगल्या इलेक्ट्रिक भट्टीत वरची आणि खालची उष्णता वेगवेगळी ठेवता येते, मी दोन्हीवर काम केलंय आणि शनिवारच्या गर्दीत मला इलेक्ट्रिकवर जास्त भरवसा वाटतो. नव्वद सेकंदात पिझ्झ्याला लाकडाचा धूर फारसा लागतच नाही, लागते ती उष्णता.

दुसरी गोष्ट गोळ्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पिझ्झे इथेच बिघडतात, भट्टीच्या कितीतरी आधी. डो भिजवल्यावर तो मुरावा लागतो. नेपल्सला खोलीच्या तापमानात आठ ते चोवीस तास ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात किचन ३८ अंशाला गेलेलं असतं, तिथे आठ तास बाहेर ठेवला तर गोळे आंबून वाहायला लागतील, म्हणून आपण फ्रिज वापरतो. आमची पद्धत अशी, बर्फाच्या पाण्यात भिजवायचा, दोन तास बाहेर, मग गोळे करून चार अंशाला साधारण वीस-बावीस तास, आणि भाजायच्या आधी उन्हाळ्यात दोन-तीन तास आणि डिसेंबरात चार-पाच तास बाहेर काढून ठेवायचा. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही आणि उन्हाळ्यात रात्रीतून भांड्याबाहेर येतं, हे पुणेकरांना सांगायला नको, तेच सगळं इथेही आहे. शनिवारी काय होतं, सत्तर गोळ्यांचा अंदाज केलेला असतो आणि नऊ वाजताच संपतात. मग फ्रिजमधून उद्याचे गोळे निघतात. ते नीट मुरलेले नाहीत आणि थंडगार आहेत. थंड गोळा थापायला जा, तो परत आखडतो, पोरगं जोर लावतं, आतली हवा निघून जाते. भट्टीत गेला की बाहेरून मोठे मोठे फोड येतात, ते लगेच जळतात, आणि आतलं पीठ गरमच होत नाही. तुमची वरून काळी आतून चिकट कड ही माझ्या मते थंड गोळ्याची आहे. थंड फरशी आणि थंड गोळा दोन्ही एकाच वेळी जमून आले असणार.

आमच्याकडे नियम आहे की गोळे संपले की पिझ्झा बंद, पास्ता आहे, सॅलड आहे, ते घ्या. मालकाला हे पटवायला मला दोन वर्षं लागली. शनिवारी पंधरा गिऱ्हाइकं परत पाठवणं कोणालाच आवडत नाही, मलाही नाही.

पिठाबद्दल पण लोक फार विचारतात म्हणून सांगतो. मेनूवर 'इटालियन डबल झिरो' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं तेच गुपित. डबल झिरो म्हणजे पीठ किती बारीक आणि किती पांढरं, त्याची ताकद त्यावरून कळत नाही. केकचंही डबल झिरो मिळतं. पिझ्झ्याला ताकद लागते, म्हणजे प्रोटीन, साधारण १२-१३ टक्के. आपला बाजारचा मैदा बहुतेक वेळा ९ ते १०.५ असतो, तो दिवसभर मुरवला की त्याची तार तुटते, गोळा सैल पडतो, थापताना भोकं पडतात. ज्वारीच्या पिठाला विरी नसली की भाकरी चिरते ना, तसंच समजा. पण त्याला उपाय आहेत, कमी वेळ मुरवा, पाणी कमी घाला, थोडं ग्लूटेन मिसळा, किंवा ब्रेडसाठीचा जास्त प्रोटीनवाला मैदा घ्या जो आता आपल्याकडेही चांगला मिळतो. मी आपल्या मैद्याचे उत्तम पिझ्झे खाल्लेत, आणि इटलीहून आणलेल्या पिठाचे वाईट पिझ्झे पण.

पाण्याचं कारण मात्र एकदम साधं आहे. पिझ्झ्यावरच्या ताज्या मोझरेला चीजमधे निम्म्याहून जास्त पाणी असतं, साठेक टक्क्यापर्यंत. ते तुकडे करून चाळणीत ठेवून फ्रिजमधे तीन-चार तास निथळावं लागतं, आपण चक्का बांधतो तसंच, फक्त इतकं कोरडं नाही करायचं. टोमॅटोही निथळावा लागतो. डब्यातला इटालियन टोमॅटो गरदार असतो, पाणी कमी, बिया कमी. नारायणगावच्या बाजारात येणारा आपला टोमॅटो चांगलाच असतो पण तो लांब गाडीने जायचा म्हणून जाड सालीचा, टणक, आणि आंबटपणा जास्त, तो नेपोलिटनला कच्चा वापरला तर पाणी सोडतो. वापरायचाच असेल तर आधी थोडा आटवून घ्यावा लागतो, नियमात बसत नाही पण चव छान येते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नव्वद सेकंदात पाणी उडायला वेळच मिळत नाही हे लक्षात ठेवा. घरच्या ओव्हनला दहा मिनिटं असतात, तिथे चुका झाकल्या जातात.

म्हणूनच तुमचा दुसरा पिझ्झा लगदा झाला. पनीर, कांदा, सिमला मिरची, तिन्ही पाण्याच्या वस्तू, वर एक्स्ट्रा चीज. मार्गारितावर साधारण ८० ते १०० ग्रॅम चीज असतं, एक्स्ट्रा म्हटलं की दीडशेच्या वर जातं, आणि खाली आधार काय तर पाव सेंटीमीटरचा पापुद्रा. सिमला मिरची तेवढ्यात शिजत नाही, फक्त घाम सोडते. यात तुमची काही चूक नाही बरं का, मेनूवर लिहिलेलं तुम्ही मागवलंत. भाज्या आधी तव्यावर किंवा भट्टीच्या तोंडाशी परतून घ्यायच्या, पनीर आधी कोरडं करायचं, आणि एक्स्ट्रा चीज मागितलं तर ऑर्डर घेणाऱ्याने सांगायचं की या पिझ्झ्यावर नको, मधे ओला होईल. मी आमच्या पोरांना हे सांगायला लावतो. दहातले आठ लोक म्हणतात बरं मग नको. जे घ्याच म्हणतात त्यांचा आम्ही अर्धा मिनिट जास्त ठेवतो, ज्वाळेपासून लांब, तोंडाच्या बाजूला.

चीजचं अजून एक बघा. थंड झाल्यावर ते रबरासारखं एका तुकड्यात निघत असेल, तोंडात तेलकट थर राहत असेल आणि दुधाची चव अजिबात येत नसेल तर ते वनस्पती तेलाचं नकली चीज असू शकतं. ते विकायला बंदी नाही पण त्याला चीज म्हणून खपवता येत नाही. तुमच्याकडे पांढरं पाणी सुटलं, म्हणजे तिथे बहुधा खरं ताजं मोझरेला होतं. माल चांगला, निथळला नाही. मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं. महागाचं चीज आणायचं आणि चाळणीत ठेवायची तसदी घ्यायची नाही.

आता तुम्ही काय करायला हवं होतं आणि पुढे काय करा. पहिल्या घासाला कळलं की तिथेच थांबा, पाऊण पिझ्झा खाऊन झाल्यावर सांगितलं तर किचनला खरं काय ते कळत नाही आणि वेटरलाही बोलायला जागा मिळते. कडेचा तुकडा कापून त्याला दाखवा, आणि नुसतं 'आवडला नाही' म्हणू नका, 'आतून कच्चा आहे, खालून पांढरा आहे, हा परत करून द्या' असं म्हणा. या दोन शब्दांनी किचनमधल्या माणसाला लगेच कळतं की समोरच्याला समजतंय. वेटर ऐकत नसेल तर भट्टीवरच्या माणसाला किंवा मॅनेजरला बोलवा, शांतपणे. पीठ, यीस्ट, मीठ सगळं धरून एका गोळ्याचा खर्च पन्नास रुपयांच्या आत असतो, वरचा माल धरला तरी परत करून देणं कोणालाही परवडतं. चांगली जागा दहा मिनिटात नवीन आणून देते. माझ्याकडे एकदा एक आजी आल्या होत्या नातवंडांबरोबर, त्यांनी तुकडा उलटा करून मला बोलावलं आणि म्हणाल्या, 'बाळा, हा खालून भाजला नाहीये.' बघतो तर खरंच नव्हता, मी फरशी मोजलीच नव्हती त्या तासाभरात. त्या दिवसापासून दर वीस पिझ्झ्यांनंतर गन लावायचीच हा नियम मी भट्टीशेजारी खडूने लिहून ठेवलाय.

सर्व्हिस चार्जचं तर सरळ आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मधेच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. काढा म्हटलं की काढायलाच हवा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो, हे दोन एकत्र समजू नका. वेटरचा राग मात्र फार धरू नका, त्याला वरून जे शिकवलंय तेच तो बोलतो.

परत जायचं असेल तर, आणि मी म्हणेन जाच, पण शनिवारी रात्री नको. मंगळवार-बुधवार, साडेसात-आठला. ऑर्डर देताना 'थोडा जास्त भाजा' म्हणा, त्यात कमीपणा काही नाही, नेपल्समधेही लोक म्हणतात. पहिला मार्गारिता किंवा मरिनारा मागवा, मरिनारावर चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, त्यामुळे गोळा आणि भट्टी कशी आहे ते लपत नाही. मी नवीन जागी गेलो की तोच मागवतो. आणि सासू-सासऱ्यांना मऊ आवडतच नसेल तर नेपोलिटनचा हट्ट करू नका. रोमचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत असतो, लाटून केलेला, कमी आचेवर जास्त वेळ भाजलेला, आपल्या लोकांच्या तोंडाला तो पटकन बसतो, खाकऱ्यासारखा आवाज येतो चावताना. आपल्याकडे मोठ्या अमेरिकन साखळ्या १९९६ साली आल्या आणि आपल्या दोन पिढ्यांनी पिझ्झा म्हणजे तोच असं ओळखलं, जाड, खालून तेलात तळल्यासारखा. तो आवडणं यातही काही चूक नाही, तो वेगळा पदार्थ आहे एवढंच.

उरलेले तीन तुकडे पार्सल आणून फ्रिजमधे ठेवलेत म्हणालात, ते टाकू नका. मायक्रोवेव्हमधे तर अजिबात नको. वरचं सुटलेलं पाणी आधी कागदाने टिपून घ्या. लोखंडी तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या, तेल काही नको, तुकडे ठेवा आणि आच बारीक करून पाच-सहा मिनिटं झाकण न ठेवता राहू द्या, खालून रंग आला की बघा. कड अजून चिकट वाटत असेल तर चिमट्यात धरून गॅसवर फुलका भाजतो तशी फिरवून घ्या, आतला कच्चा पट्टा शिजतो. शेवटी मिनिटभर झाकण, चीज सैल होईपर्यंत, आणि लगेच खायला घ्या. सासऱ्यांना पहिला तुकडा द्या, आणि त्यांना खालची बाजू बघायला सांगा.